अनुभव सांगा: अंदाजाने ठरवता की आकडे बघून?

हर्णैची_लेक
काल बंदरावर लिलावाला गेले होते. एक तरुण तांडेल (होडीचा प्रमुख) मोबाइलवर हैदराबादच्या इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेने दिलेली मासळीची जागा बघत होता. एकदम आजोबा आठवले. ते पाण्याचा रंग बघायचे, पाखरं कुठे झडप घालतायत ते बघायचे आणि होडी वळवायचे. चुकलं तर डिझेल फुकट, त्या रात्री घरात कोणी बोलायचं नाही. उपग्रह पाण्याचं तापमान आणि हरितद्रव्य मोजतो. आजोबांना जे हिरवट दिसायचं तेच की हे! फक्त ढग आले की उपग्रहाला दिसत नाही. तुमच्या धंद्यात कसं ठरवता?

देवगडवाली
आमचा आंबा. सासरे देठाजवळचा खळगा बघून सांगतात तयार आहे की नाही. मी दोन-चार फळं पाण्यात टाकते, बुडलं तर पक्व, तरंगलं तर कोवळं. बहुतेक वेळा दोघांचं जुळतं. एका वर्षी दलाल म्हणाला भाव पडणार, लगेच पाठवा. माझ्या वहीत मोहोराच्या तारखा होत्या, त्या हिशोबाने अजून दहा दिवस हवे होते. घाईत काढला. वाशीला कोवळा निघाला, दोन वर्षं आमच्या पेटीला भाव नाही. अजून टोचतं मनाला.

चिपळूणकर७
@देवगडवाली पेटी आहे का यंदा? पायरी असेल तर आधी सांगा, आईला हवीय.

खानावळ_मालवण
मी वारानुसार शीट ठेवतो, किती थाळ्या गेल्या ते. एका मंगळवारी शीट बघून पाच किलो बांगडा घ्यायला निघालो. आई म्हणाली, "आज अंगारकी हा, बांगडो कमी घे." ऐकलं म्हणून वाचलो. आता शीटमध्ये तिथीचा रकाना आहे. संकष्टी, एकादशी, श्रावण सगळं. आईच्या डोक्यातलं हळूहळू उतरवून घेतोय.

रत्नांग्री
मूळ धागा वाचून गलबललं. फयान चक्रीवादळात, नोव्हेंबर २००९ ला, आमचे काका परत आले नाहीत. त्यांच्यासारखा वारा ओळखणारा वाडीत नव्हता. तेव्हापासून हवामान खात्याचा बावटा लागला की आमच्याकडची होडी सुटत नाही, कोणी काहीही म्हणो.

हर्णैची_लेक
@रत्नांग्री काय बोलू रे. काकींना नमस्कार सांग.

देवगडवाली
@चिपळूणकर७ पायरी दोन डझन निघेल. शनिवारी भाचा येतोय तिकडे, त्याच्याकडे देते. गवतातून काढायची घाई करू नका.