शिपिंग लाइनमध्ये डॉक्युमेंटेशनचा जॉब, घ्यावा का?

नवखा: बेलापूरच्या एका शिपिंग लाइनमधून एक्स्पोर्ट डॉक्युमेंटेशनची ऑफर आलीय, बीकॉम झालंय, अनुभव काहीच नाही. आत काम करणारे खरं काय सांगतील?

उरणकर: घे बिनधास्त, पण कट-ऑफच्या, म्हणजे कागदपत्रं जमा करायच्या शेवटच्या दिवशी वेळेवर घरी जायचं विसर. न्हावा शेवाला जहाज लागायच्या आधी एसआय (पार्टीने दिलेला मालाचा नि पाठवण्याचा तपशील), व्हीजीएम (भरलेल्या कंटेनरचं तपासलेलं वजन) सगळं जमा व्हावं लागतं, पार्टी (माल पाठवणारा) शेवटच्या तासाला कन्साइनीचं, म्हणजे माल घेणाऱ्याचं नाव बदलून पाठवते आणि मग बीएलचा (बिल ऑफ लेडिंग, मालाची जहाजी पावती) ड्राफ्ट परत पहिल्यापासून तपासायचा, एक कंटेनर नंबर चुकला तरी तिकडच्या पोर्टला माल अडकतो नि डिटेन्शन, म्हणजे कंटेनर उशिरा परत केल्याचा दंड, चालू. ताण आहेच. पण वर्षभरात जे शिकशील ते कुठल्या कोर्समध्ये मिळत नाही.

मीनल_पी: पगार सुरुवातीला कमीच हो. माझ्या आधीच्या ऑफिसात ओव्हरटाइम कधी दिलाच नाही, अजून राग येतो. शनिवारचं आणि ओव्हरटाइमचं आधी लेखी घ्या.

डेकवाला: जहाजावर एमएलसीप्रमाणे (खलाशांच्या कामाचा आंतरराष्ट्रीय करार) 24 तासांत किमान 10 तास विश्रांतीचा नियम तरी आहे, ऑफिसवाल्यांना कोण विचारतं! तरी कस्टमर सर्व्हिसपेक्षा डॉक्युमेंटेशन बरं, पुढे ऑपरेशन्स नाहीतर प्रायसिंगला (भाडेदर ठरवणारा विभाग) जाता येतं.