जुन्या मॅटॅडोरचा क्लच गेला, पार्ट मिळत नाही, म्हणून गाडी भंगारात द्यायची?

माळकरी_सातारा
आमच्या भागात अजून काही मॅटॅडोर टेम्पो रोज भाड्याला जातात. पण हल्ली एकच ऐकू येतं: "क्लच गेला, पार्ट मिळेना, देऊन टाकली." मला हे पटत नाही. आकुर्डीच्या बजाज टेम्पोनं ही गाडी १९६९ मध्ये आणली. ती बंद होऊन किती वर्षं झाली, २००५ मध्ये कंपनीचं नावही फोर्स मोटर्स झालं. आज काउंटरवर नुसतं "मॅटॅडोरची क्लच प्लेट द्या" म्हटलं तर दुकानदार नाहीच म्हणणार. शिवाय इतक्या जुन्या गाडीचं इंजिन किंवा गिअरबॉक्स मधल्या मालकानं बदललेला असतो, त्यामुळे आरसी बुकावरच्या मॉडेलवर भरवसा ठेवता येत नाही.

पार्ट मापानं शोधावा. गिअरबॉक्स खाली घेतला की व्हर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी) लावा. प्लेटचा बाहेरचा व्यास, हबच्या (प्लेटच्या मधल्या भागाच्या) आतले दाते, गिअरबॉक्सच्या शाफ्टची जाडी आणि हब फ्लायव्हीलच्या (इंजिनमागच्या जड चाकाच्या) बाजूला किती बाहेर येतो, हे सगळं लिहून घ्या. शेवटचं माप बहुतेक कुणी घेत नाही आणि नेमकं तिथंच फसतं. प्लेट शाफ्टवर सरकते, सगळे खूश होतात, आणि गाडी जोडल्यावर हब फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासतो. क्लच प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरणारी प्रेशर प्लेटही अशीच बघायची. जुनी तीन बोटांची (लिव्हरची) असेल आणि नवी डायफ्रामची (एकाच चपट्या गोल स्प्रिंगची) मिळाली, तर तिला दाबणारं रिलीज बेअरिंगही त्याच जोडीचं घ्यावं लागतं. जुना नमुना पिशवीत घालून पुण्याच्या नाना पेठेत दुपारभर फिरलं तर जुळणारी प्लेट मिळते. नाहीच मिळाली तर त्याच व्यासाच्या दुसऱ्या गाडीच्या नव्या प्लेटवर आपला हब रिव्हेट करून घ्यायचा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात असली कामं करणारे कारागीर आहेत.

पाना_बारा_तेरा
दादा, मापाचं बरोबर आहे, पण हब बदलायला माझा ठाम विरोध. मी गॅरेज चालवतो, असली प्लेट गिऱ्हाइकाच्या गाडीत घालत नाही. हब अर्धा मिलिमीटर जरी एका बाजूला बसला तरी गाडी उचलताना झटके देते. रिव्हेट ढिला पडला तर तुकडा बेल हाउसिंगमध्ये (क्लचभोवतीच्या कव्हरमध्ये) फिरून प्रेशर प्लेट खातो. मग पुन्हा गिअरबॉक्स खाली. ती मजुरी कोण देणार? गिऱ्हाईक म्हणतं, मेस्त्री, तुम्हीच बसवलीत. वर्षानुवर्षं जोडलेलं गिऱ्हाईक एका प्लेटपायी तुटतं. मिळाला तर पूर्ण सेट घाला, नाहीतर गाडीचा नाद सोडा.

आलं_बटाटा
आमची प्लेट जुनीच, नवं लायनिंग (घर्षणाचा थर) मारून घेतलेली आहे. पुण्याहून खत भरून येताना खंबाटकी घाट चढते, कुठं सुटत नाही. नव्या गाडीचा हप्ता माझ्या भाड्यात बसत नाही, हे गॅरेजवाल्यांनी पण समजून घ्यावं. आमच्याकडे आधी प्लेट सारखी जळायची. कारण इंजिनच्या मागच्या सीलमधून येणारं ऑइल होतं. सील न बदलता कुठलीही प्लेट घाला, लायनिंग ऑइल पिणार आणि घाटात इंजिन ओरडणार, गाडी जागच्या जागी. निम्म्या वेळा पार्टला उगाच नाव ठेवतात.

सरळ_हिशोब
तुम्ही सगळे क्लचवर बोलताय, मी पूर्ण गाडीवर बोलतो. १ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या व्यावसायिक गाड्यांची फिटनेस फी बरीच वाढली आहे, आणि फिटनेस दरवर्षी करावा लागतो. आज क्लच शोधाल, उद्या ब्रेकचा सिलेंडर, परवा स्टिअरिंगचे सांधे. माल आणि ड्रायव्हर दोघं त्याच गाडीत असतात. जुन्या गाडीवर माया असणं मी समजू शकतो, पण धंदा मायेवर चालत नाही.

माळकरी_सातारा
माया नाही हो, हिशोबच आहे. फिटनेस होत नसेल, चेसिस गंजली असेल, तर गाडी सोडावी, यात वाद नाही. पण फिटनेस पास झालेली, इंजिन ठणठणीत असलेली गाडी फक्त प्लेट मिळेना म्हणून भंगाराच्या भावात जाते, त्याला माझा विरोध आहे. त्या गाडीवर एक घर चालत असतं. आलं_बटाटा यांचं सीलचं म्हणणं शंभर टक्के खरं. त्यात फ्लायव्हीलची भर घालतो: तोंडावर निळे डाग किंवा बारीक भेगा दिसल्या तर लेथवर पास मारून (थोडं तासून) घ्या. फक्त खाचेचं फ्लायव्हील (मधलं तोंड आणि कड वेगळ्या पातळीवर असलेलं) असेल तर मधल्या तोंडावरून जितकं काढाल तितकंच कडेवरूनही काढायला सांगा, नाहीतर प्रेशर प्लेटचा दाब कमी पडतो.

पंढरीची_लेक
आमच्याकडे गाडीची खरेदी आणि हिशोब मीच बघते. माझं म्हणणं जरा वेगळं आहे. हंगामात गाडी उभी राहिली की भाडं जातं, आणि व्यापारी दुसरा टेम्पो धरतो तो परत येत नाही. म्हणून गाडी चालू असतानाच दुसरा सेट तयार ठेवावा. उतरवलेली प्लेट फेकू नका. हबचे दाते आणि स्प्रिंगा चांगल्या असतील तर तिला लायनिंग मारून तेलकट हात न लावता कागदात गुंडाळून ठेवा, सोबत केबल आणि बेअरिंग. वाद काय घालायचा तो पावसाळ्यात, गाडी मोकळी असताना घाला. आणि मेस्त्रींना एक विनंती: जुनी धूळ हवेच्या नळीनं उडवू नका, जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्यानं पुसा.

पाना_बारा_तेरा
ताई, सुट्टा सेट आधी करून ठेवायचं मान्य. तशी प्लेट मला आणून दिली तर निवांत तपासता येते. हबवाल्या प्लेटबद्दल माझं मत बदललेलं नाही. कुणाला करायचीच असेल तर कारागिराकडून मँड्रेलवर (फिरत्या दांड्यावर) फिरवून, डायल (डगमग मोजायचं घड्याळ) लावून, डोळ्यांसमोर तपासून घ्या. रिव्हेटचं डोकं लायनिंगच्या पृष्ठभागापेक्षा खाली बसलंय ना ते नखानं बघा. एवढं करून आणली तर मी बसवीन, पण मजुरी आधी ठरेल आणि दुसऱ्यांदा गिअरबॉक्स उतरवावा लागला तर तो खर्च मालकाचा.