मदत हवी आहे: बेसबॉलमध्ये लहान चणीच्या पिचरने पाऊल किती लांब टाकावं?

लेक १३ वर्षांचा, उंची ५ फूट १ इंच, वजन ४१ किलो. उजव्या हाताने पिचिंग करतो, म्हणजे बॅटरकडे चेंडू फेकतो. आम्ही न्यू जर्सीत असतो. या सीझनपासून तो मोठ्या मैदानावर गेलाय, म्हणजे ४६ फुटांऐवजी ६० फूट ६ इंचांवरून टाकायचं. टीममधली निम्मी पोरं एका उन्हाळ्यात माझ्या खांद्याला लागली, हा आहे तेवढाच. नेम चांगला आहे, वेग कमी पडतो.

कोच म्हणतात, उंची नाही तर पाऊल लांबव. मेजर लीगचा पिचर टिम लिन्सेकमचे व्हिडिओ दाखवतात. ५ फूट ११ इंचांचा माणूस, पण पाऊल स्वतःच्या उंचीहून लांब, आणि २००८, २००९ अशी लागोपाठ दोन साय यंग अवॉर्ड्स (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार)! आता पोरगा अंगणात खडूची रेघ मारून तिथवर उड्या मारतोय. मला थोडंफार क्रिकेट कळतं, पण तिथे रनअप मिळतो. हे बरोबर चाललंय का? आणि लहान चणीच्या मुलाच्या कोपरावर जास्त ताण येतो का?

(‘उंची वाढेल, धीर धरा’ हे आजी रोज सांगतेच.)

डावखुरा: उंचीचा फायदा खोटा नाही. पिचर रँडी जॉन्सन ६ फूट १० इंच. एवढ्या लांब हातातून चेंडू सुटतो तोच बॅटरच्या जवळ, त्यामुळे तोच वेग त्याला जास्त वाटतो. पण पिचर पेड्रो मार्टिनेझ लहानखुरा म्हणून डॉजर्स संघाने १९९३ मध्ये मॉन्ट्रियलच्या संघाला देऊन टाकला, आणि त्याने पुढे तीन साय यंग घेतली.

फिजिओ_मावशी: आधी कोपराचं. उंच, वजनदार आणि वेगवान मुलांच्या कोपरावरच ताण जास्त येतो. लहान चणीच्या मुलाचं दुखणं वेगळं: पायातून वेग मिळाला नाही की तो हाताने ओढतो.

खडूची रेघ आजच पुसा. लांब पाऊल हा मागच्या पायाने जोरात ढकलल्याचा परिणाम आहे, ते ठरवून टाकायचं नसतं. चांगल्या पिचर्सचं पाऊल साधारण उंचीच्या ८५ टक्क्यांच्या आसपास पडतं. पुढचा पाय टेकतो तेव्हा कंबर बॅटरकडे वळू लागलेली आणि खांदे अजून मागे राहिलेले हवेत. त्या पिळातून वेग येतो. मग पुढचा गुडघा ताठ होत जातो, धड त्यावरून पुढे येतं आणि हात सगळ्यात शेवटी. ताकद नसताना उडी मारली तर तो गुडघा खचतो, पीळ सुटतो आणि सगळा भार खांद्या-कोपरावर. बाजूने स्लो मोशन व्हिडिओ काढा, गुडघा लगेच दिसेल. लिन्सेकमचंही पुढचं बघा: काही वर्षांतच वेग उतरला, २०१५ मध्ये डाव्या खुब्याची शस्त्रक्रिया झाली.

या वयात कोपराजवळच्या हाडांच्या वाढीच्या जागा अजून कच्च्या असतात. आतल्या बाजूला दुखलं तर पिचिंग बंद आणि डॉक्टर, ‘बघू उद्या’ नाही.

धागाकर्ता: रेघ पुसली, पोरगा फुगलाय. तो शाळेकडून आणि क्लबकडून, दोन्हीकडे खेळतो. पिच (टाकलेले चेंडू) वेगवेगळ्या मोजायच्या?

फिजिओ_मावशी: एकत्रच! १३-१४ वयाला पिच स्मार्टची (अमेरिकेतल्या बेसबॉलची मुलांसाठीची मार्गदर्शक तत्त्वं) मर्यादा दिवसाला ९५ पिच, आणि ६६ किंवा जास्त झाल्या तर चार दिवस विश्रांती. दोन्ही कोच एकमेकांना विचारत नाहीत, वही तुम्हीच ठेवा. आणि पिचिंग झाल्यावर त्याच दिवशी कॅचर (बॅटरच्या मागे बसून चेंडू झेलणारा) म्हणून बसवायला लागले तर सरळ नाही म्हणा.