डीएसपी (ऑस्ट्रेलियातली अपंगत्वाची पेन्शन) चालू असताना ३ महिने भारतात गेलं तर रिव्ह्यू (पात्रतेची फेरतपासणी) लागतो का?

वैशाली_मेलबर्न
नवऱ्याला पाठीच्या त्रासामुळे डीएसपी मिळते. सासरे आजारी आहेत म्हणून ३ महिने पुण्याला जायचं चाललंय. एक जण म्हणतो सेंटरलिंकला (पेन्शन देणारं सरकारी ऑफिस) सांगितलंत की सगळी फाईल उघडतात, गुपचूप जाऊन या. दुसरा म्हणतो भारताशी करार झालाय, तिकडेही पैसे चालू राहतात. नक्की काय? तिकिटं अजून काढली नाहीयेत.

बापू_सिडनी
गुपचूप वगैरे काही नसतं हो, एअरपोर्टवर पासपोर्ट स्कॅन झाला की डेटा त्यांच्याकडे जातोच. आणि करार आहे, २०१६ पासून लागू, पण आपल्या इथल्या पेन्शनपैकी त्यात एज पेन्शन (म्हातारपणाची) येते, डीएसपी नाही.
साधा नियम म्हणजे १२ महिन्यांत देशाबाहेरचे सगळे मिळून २८ दिवस. एका ट्रिपला २८ नाही, सगळ्या ट्रिपा धरून. त्यापुढे पेमेंट थांबतं, आणि फारच उशीर केलात तर पेन्शन कॅन्सल होऊन नव्याने क्लेम करावा लागतो, आजच्या नियमांनी, ते नको असतं कुणालाच.

केअरर_ताई
बापू बरोबर बोलले, फक्त रिव्ह्यूचं सांगते. नुसतं चार आठवडे जाऊन आलं म्हणून काही होत नाही. धोका कुठे, तर तुम्ही कितीही दिवस बाहेर राहायची परवानगी मागता तेव्हा. त्यासाठी गंभीर अपंगत्व आणि पुढची ५ वर्षं कामच जमणार नाही असं ठरावं लागतं, म्हणजे जॉब कपॅसिटी असेसमेंट (काम किती जमतं याची तपासणी) आलं, आणि मग तुमच्या नवऱ्याला डीएसपी द्यायचीच का हाही प्रश्न उघडतो. ज्यांची पेन्शन जुन्या इम्पेअरमेंट टेबल्सवर (अपंगत्व किती ते मोजायचे तक्ते) मंजूर झालीय त्यांनी तर नीट विचार करूनच हात घालावा. पाठीचं दुखणं असेल तर मी तरी ३ महिन्यांसाठी हे दार ठोठावणार नाही.

वैशाली_मेलबर्न
बाप रे. दिवाळीत ते जाऊन आले होते, ते दिवसही धरतात? आणि सासऱ्यांच्या आजारपणाचं कारण चालतं का वाढवून घ्यायला?

बापू_सिडनी
१२ महिन्यांच्या आत असेल तर धरतात, उरलेले तेवढेच तुमचे. आजारपणाचं म्हणाल तर तिकडे गेल्यावर अचानक काही घडलं आणि परतता येईना, तर मुदत वाढते, डॉक्टरांचे कागद लागतात. पण सासरे आधीपासूनच आजारी आहेत ना, मग ते कारण धरून बसू नका.

केअरर_ताई
आणि मायगव्हचा (सेंटरलिंकची पत्रं येतात ते सरकारी ऑनलाइन खातं) लॉगिन कोड इथल्या सिमवर येतो, रोमिंग चालू ठेवा नाहीतर जायच्या आधी पासकी (कोडशिवाय फोननेच लॉगिन) लावून घ्या. रिव्ह्यूचं पत्र इनबॉक्समध्ये पडून मुदत निघून गेली तर ते वेगळंच लचांड.