४० हजारांत १० मीटरची पहिली रायफल : काय घ्यावं, काय टाळावं?

रेणापूरकर
नमस्कार मंडळी. पुतण्या आठवीत आहे. शालेय नेमबाजीत यंदा ओपन साईट (उघड्या खाचेतून नेम) एअर रायफल खेळतोय, पुढच्या वर्षी पीप साईटला (बारीक भोकातून नेम) जायचं म्हणतो. शाळेच्या एका रायफलवर बारा लेकरं, त्यामुळे घरची घ्यायची आहे. बजेट ४० हजार, लई ताणलं तर ४५. व्हिडिओ बघून त्याच्या डोक्यात सेमी-ऑटोमॅटिक (पुढची गोळी आपोआप चढणारी) .२२ स्पोर्टिंग रायफल बसली आहे. तशी काही या पैशात मिळते का? नाहीतर एअर रायफलमध्ये काय बघावं? लातूर, नांदेड, संभाजीनगर कुठूनही आणायची तयारी आहे.

गोदाकाठ
सेमी-ऑटोचा विषय आधी मिटवून टाका. शस्त्र नियम २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत पिस्तूल-रिव्हॉल्व्हर वगळता सेमी-ऑटोमॅटिक हत्यारं प्रतिबंधित प्रवर्गात येतात, साध्या लायसनवर ती मिळत नाहीत. आणि खेळात तिचं काम तरी काय? १० मीटर एअर रायफल काय, ५० मीटर .२२ काय, दोन्हीकडे एका वेळी एकच गोळी भरायची. स्वप्नील कुसाळेने २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्य घेतलं तेही एकेक गोळी भरूनच.

एअर रायफलला मात्र लायसन लागत नाही, अटी दोन : नळी ४.५ मिमी म्हणजे .१७७ इंचापेक्षा मोठी नको आणि छर्‍याची ऊर्जा २० ज्यूलपेक्षा जास्त नको. .२२ बोअरची एअर रायफल कुणी "चालतंय की" म्हणून गळ्यात मारत असेल तर घेऊ नका, ती लायसनमध्ये येते. खरेदी मोठ्या माणसाच्या नावावर करा. ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा द्यावा लागतो. पक्कं बिल घ्या, त्यावर रायफलचा नंबर टाकून घ्या.

मांजराकाठ
ओपन साईट वर्षभर खेळणार असेल तर ४० हजार घालायची घाई कामून? भारतीय बनावटीची स्प्रिंगवाली, नळी मोडून भरायची रायफल घ्या. प्रीसिहोलची एनएक्स १०० किंवा त्या वर्गातली कुठलीही. बजेटचा मोठा भाग शिल्लक राहतो.

दुकानात वेग विचारू नका. दुकानदार वेगच सांगणार. मॅच रायफल, म्हणजे खास स्पर्धेची, ०.५३ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटरने सोडते, म्हणजे साडेसात ज्यूल. कागदाला तेवढं पुष्कळ झालं. जास्त ताकदीची स्प्रिंग म्हणजे जास्त धक्का, आणि हा धक्का छर्रा नळीत असतानाच बसतो.

बघायचं ते असं. नळी बंद करून आडवी हलवा, बिजागरीत खेळ असला की सोडून द्या. नळी जिथे मोडते त्या जोडाशी, वॉशर बसतं तिथे, टिश्यूपेपरची पट्टी ठेवून छर्रा भरून झाडा. पट्टी उडाली तर हवा गळते. वॉशर स्वस्त आहे, पण दुकानदाराकडूनच बदलून घ्या. दस्त्याचे स्क्रू दर शंभर-दोनशे छर्‍यांनी तपासा. नेम अचानक विखुरला की दहातल्या सात वेळा स्क्रूच ढिला असतो, आणि पोरगं बिचारं साईट फिरवत बसतं. रिकामी झाडायची नाही. छर्‍याचा अडसर नसला की दट्ट्या पुढे जाऊन आपटतो आणि सील फाटतं. शिलाई मशीनचं तेल हवेच्या खोलीत सोडायचं नाही, दाबाने ते पेटतं, धूर येतो, छर्रा कुठल्या कुठे जातो.

टेकून, १० मीटरवर पाच छर्रे, सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या मधापासून मधापर्यंत मोजून, १०-१२ मिमीत आले तर त्या किमतीत रायफल चांगली समजा.

दहा-पॉइंट-नऊ
मांजराकाठ यांचं तपासणीबद्दल पटलं, निष्कर्ष नाही. स्प्रिंगच्या रायफलचा ट्रिगर किलोच्या वर ओढायला लागतो, मॅच रायफलचा शंभर ग्रॅमच्या आसपास असतो. वर्षभर जड ट्रिगर ओढायची सवय लागली की ती मोडायला पुढचं वर्ष जातं. पुढे पीप साईट नक्की असेल तर जुनी मॅच रायफल शोधा. नवी जर्मन दोन लाखांच्या घरात आणि पुढे, म्हणून ती गोष्टच नको. कॉलेज संपवून खेळ सोडलेली मुलं रायफली विकतात, त्या मार्गाने जा. प्रशिक्षकांना सांगून ठेवा.

जुन्यात दोन जाती. पहिली पीसीपी, म्हणजे २०० बारचा हवेचा सिलिंडर. धक्का नाही, भरायला सोपी. पण सिलिंडरवरची तारीख पहिली वाचा. बनवल्यापासून १० वर्षं झाली की त्याची मुदत संपली. स्पर्धेत तपासणीला अडवतात, आणि २०० बारची जुनी बाटली लेकराच्या गालाशी ठेवणं तसंही शहाणपणाचं नाही. विकणारा "एकदम टाइट आहे" म्हणेल. ते गळतीबद्दल झालं, धातूच्या वयाबद्दल नाही.

दुसरी जात, बाजूचा दांडा ओढून एकदाच हवा दाबायची : फाइनवेर्कबाऊ ६०१, ६०२, ६०३, वाल्थर एलजी ९०. सिलिंडर नाही, पंप नाही, गावात हवा कुठे भरायची हा प्रश्नच नाही. मराठवाड्यात ही बाजू लई मोठी आहे. दोष एवढाच की प्रत्येक छर्‍याला रायफल खांद्यावरून खाली घ्यावी लागते आणि सील जुनी झाली की वेग पडतो.

बांधावरचा
मधेच विचारतो, हीच रायफल रात्री रोही (नीलगाय) अन् डुकरं हाकलायला चालेल का? हरभरा ठेवत नाहीत.

गोदाकाठ
नाही. साडेसात ज्यूलने रोही मरत नाही, जखम घेऊन पळतो आणि आठ दिवस सडत मरतो. शिवाय वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ आहेच, गुन्हा तुमच्यावर. पिकाच्या नुकसानभरपाईसाठी वनविभागाकडे अर्ज करा आणि या धाग्याला त्यात ओढू नका.

रेणापूरकर
दोन रायफली समोर आल्यात. वाल्थर एलजी ३००, ४५ हजार, सिलिंडरवर २०११. आणि फाइनवेर्कबाऊ ६०३, ३८ हजार, डायऑप्टर म्हणजे पीप साईटसकट. कोणती?

दहा-पॉइंट-नऊ
२०११ चा सिलिंडर म्हणजे शून्य किंमत. नवा घेतला की बजेट गेलंच. वर भरायला हातपंप किंवा स्कुबा बाटली. हातपंपाला पन्नास स्ट्रोक झाले की पाच मिनिटं थांबावं लागतं, नाहीतर पंप तापून सील जातात, आणि पावसाळ्यात हवेबरोबर पाणी आत जातं. (गॅरेजवाल्याकडचा ऑक्सिजन कुणी सुचवेल. कधीही नाही. ग्रीस आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट.) भाव बराच खाली आला तरच एलजी ३०० चा विचार करा.

६०३ बघायला जा, जाताना हे करा. क्रोनोग्राफ (छर्‍याचा वेग मोजायचं यंत्र) असलेल्या रेंजवर एकाच डब्यातले दहा छर्रे मोजा. रायफल महिनोन्‌महिने पडून असेल तर पहिले चार-पाच मंद येतील, ते धरू नका. नंतरच्या दहांत सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात मंद यांत सेकंदाला पाच मीटरपेक्षा जास्त फरक पडला, किंवा सरासरी १६० च्या खाली आली, तर सील बदलायचा खर्च किमतीतून वजा करा. मग डायऑप्टर : एक छर्रा मारा, २० क्लिक डावीकडे, एक छर्रा, २० क्लिक परत, एक छर्रा. पहिला आणि तिसरा एकाच भोकात जायला हवेत. नाही गेले तर साईट झिजली आहे, आणि चांगली डायऑप्टर वेगळी घेणं महाग पडतं. शेवटी टेकून पाच छर्रे. मॅच रायफलचे पाच छर्रे मधापासून मधापर्यंत दोन मिमीत यायला पाहिजेत. कागदावरचा दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिमीचा आहे, त्याहून सैल नळी चालत नाही.

एका डब्यावर नळीला नावं ठेवू नका. छर्‍याचं डोकं ४.४९, ४.५०, ४.५१ अशा मापांत येतं, प्रत्येक नळीची आवड वेगळी. तीन-चार प्रकार मागून घ्या. सरावाला स्वस्त डबा, स्पर्धेला आवडता. रोज ६० प्रमाणे आठवड्याला पाच दिवस धरले तर महिन्याला ५०० चे अडीच डबे लागतात, हा खर्च आत्ताच हिशेबात धरा.

मांजराकाठ
६०३ चा दांडा उघडा असताना छर्रा ठेवायचा तर दुसर्‍या हाताने दांडा घट्ट धरून ठेवायचा, ही सवय पहिल्या दिवसापासून. आणि वजन बघा. नियमाची मर्यादा साडेपाच किलो आहे म्हणजे आठवीतल्या पोराने तेवढं उचलावं असं नाही. दस्त्याच्या फळ्या काढून लांबी कमी होते का पाहा : कोपर काटकोनात वाकवून दस्ता कोपराच्या खोबणीत टेकवला तर बोटाचं पहिलं पेर ट्रिगरवर यावं. लांब दस्ता असला की पोरगं कंबर मागे मोडून उभं राहतं, महिन्यात पाठ धरते.

पीप साईटच्या पुढच्या कडीचं माप मोठंच ठेवा, ४ मिमीच्या आसपास. काळ्या गोलाभोवती पांढरी जागा भरपूर दिसली पाहिजे. कडी बारीक केली की लेकरू काळं मधोमध धरायला धडपडतं आणि ट्रिगर ओढायचं राहून जातं.

रेणापूरकर
घरच्या ओसरीत बरोबर १० मीटर मिळतात. मागे काय लावू?

गोदाकाठ
३ मिमी लोखंडी पत्रा, वरची कड पुढे काढून ४५ अंशात तिरपा, खाली वाळूचा ट्रे. उभा सरळ पत्रा लावू नका, छर्रा परत येतो. पुढे जुनी गोधडी लोंबती ठेवली तर आवाजही मरतो. कागदाचा मध्य जमिनीपासून १.४० मीटर. त्या बाजूला दार असेल तर ते आतून कडी घालून बंद. चष्मा सगळ्यांना, बघणार्‍यांनाही. छर्रे शिशाचे, हात धुतल्याशिवाय भाकरी नाही, आणि ट्रेमधलं शिसं आठवड्याला डब्यात काढा.

रायफल फोमच्या पेटीत बंद करून ठेवू नका. आपल्याकडे आठ महिने धूळ, पावसाळ्यात फोम ओल धरतो आणि नळी आतून गंजते. सराव झाला की बाहेरून पुसून कोरड्या कपाटात कुलूप लावून उभी करा. एसटीने नेताना बिल आणि ओळखपत्राची झेरॉक्स पेटीत. नळी रिकामी आहे हे दिसावं म्हणून तिच्यात पूर्ण लांबीचा केशरी सेफ्टी फ्लॅग लागतो. वेगळा विकत घेऊ नका, कृषी केंद्रात ग्रास कटरची केशरी नायलॉन दोरी मिळते. अडीच-तीन मिमी जाडीची, मीटरभर घ्या, दोन्हीकडून बाहेर दिसेल अशी कापा.