मदत हवी आहे: मस्टँगला जीटी ३५० धाटणीचा बंपर, डावीकडे फट आणि खाली लिप घासतोय

निळी_मस्टँग:

नमस्कार मंडळी. गाडी २०१७ ची मस्टँग जीटी, सेकंड हँड घेतलेली, माझ्याकडे दोन वर्षं. पुढचा बंपर बदलायचं खूळ बरेच दिवस डोक्यात होतं. शेवटी जीटी ३५० (मस्टँगचीच शेल्बी आवृत्ती) धाटणीचा फायबरचा बंपर आणि त्याच्याखाली लावायचा वेगळा लिप, म्हणजे खालच्या कडेची पट्टी, मागवला. खऱ्या जीटी ३५० चा बंपर आपल्या गाडीला सरळ बसत नाही हे वाचलं होतं (तिचं बॉनेट वेगळं, फेंडर म्हणजे पुढच्या चाकांवरचे पत्रेही वेगळे आणि रुंद), म्हणून साध्या जीटीच्या फेंडरला जुळवून बनवलेलाच घेतला. तरी घोळ झालाच.

रविवारी मी आणि मित्राने सोसायटीच्या पार्किंगमध्येच बसवून पाहिला. रंग अजून दिलेला नाही. बॉनेटच्या कडेला सगळीकडे ५ मिमी फट, ते चालेल. उजव्या फेंडरला ३ मिमी. डावीकडे मात्र वर ४ आणि खाली चाकाच्या कमानीजवळ ९! अख्खी करंगळी जाते आत.

विकणारा म्हणतो, "फायबरला एवढं चालतं साहेब, लांबी (पुट्टी) भरून घ्या." आमचा पेंटर म्हणतो उजवी बाजू घासून दोन्हीकडे सारखं करू. मला दोन्ही पटत नाही.

दुसरं दुखणं लिपचं. ओरिजिनल बंपरची खालची कड जमिनीपासून १६५ मिमी होती, आता लिपसकट १०५. बेसमेंटमधून वर निघताना "खर्रर्र" असा आवाज आला आणि वॉचमनकाका खुर्चीतून उठले. पहिल्याच दिवशी!

बंपर परत करू, की बसेल? आणि लिपचं काय करू?

पान्हा_नंबर_दहा:

आधी एक करा. काहीही कापू नका, घासू नका, लांबीला तर हातही लावू नका. ओरिजिनल बंपर परत चढवा आणि त्याच ठिकाणी तीच मापं घ्या. दोन्हीकडे सारखी आली तर नवा माल वाकडा. तिथेही डावीकडे जास्त आली तर माल नाही, गाडी वाकडी. सेकंड हँड म्हणालात म्हणून सांगतोय.

रंगाआधी बसवून पाहिलंत ते शहाणपण केलंत. लोक आधी रंग देतात, मग फट दिसते, मग विकणारा रंगवलेला माल परत घेत नाही.

अण्णा_मिरज:

लिपचं गणित अगदी सोपं आहे, टेप घेऊन बसा. पुढच्या टायरचा जमिनीला टेकलेला बिंदू ते लिपची पुढची कड, हे अंतर मोजा. मग रॅम्पचा चढ मोजा, किती फुटाला एक फूट चढतो ते. दोन्ही आकडे इथे टाका.

निळी_मस्टँग:

अण्णा, टायर ते लिप ८७० मिमी. रॅम्प ८ फुटाला १ फूट.

अण्णा_मिरज:

मग उत्तर त्यातच आहे. चाक रॅम्पच्या पायथ्याशी येतं तेव्हा लिप ८७० मिमी पुढे असतो. तिथे रॅम्प ८७० भागिले ८ म्हणजे जवळपास १०९ मिमी वर आलेला. तुमचा लिप १०५ वर. टायर गोल असल्यामुळे तो रॅम्पला थोडा आधीच टेकतो, त्यात दोनतीन मिमी वाचतात, पण तेवढ्याने भागत नाही. ब्रेक दाबला की नाक आणखी खाली जातं ते वेगळंच. आणि हे फक्त चढताना नाही. बाहेरून येऊन उतरलात की शेवटी सपाट फरशीवर येतानाही तोच कोपरा, तोच खर्रर्र.

लिप केवढा जाड आहे? बंपरच्या खाली किती उतरतो?

निळी_मस्टँग:

४५ मिमी. म्हणजे नुसता बंपर १५० वर राहतो.

अण्णा_मिरज:

मग नुसत्या बंपरने तुम्ही निवांत वर याल. रॅम्पवर तिरके चढलात तर एक चाक आधी उचललं जातं, थोडी सवलत मिळते, पण बेसमेंटच्या अरुंद रॅम्पवर तिरकं कुठे होणार. रस्त्यावरचे गतिरोधक हा पुन्हा वेगळा विषय. भारतीय रस्ते काँग्रेसच्या नियमात गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच सांगितलाय. तसला असेल तर गाडी अलगद जाते. आपल्या गल्लीत एका रात्रीत डांबराचा जो उंचवटा उगवतो त्याला ना रुंदी ना नियम.

शिवाय लिपमुळे वारा गाडीला खाली दाबून धरतो वगैरे ते बऱ्याच वेगाला. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेची मर्यादा ताशी १००. बाणेर ते हिंजवडी जाणाऱ्याला तो दागिनाच. दागिना म्हणून घाला, काही म्हणणं नाही.

घाटवाट:

कायद्याचं कोणीच बोललं नाही म्हणून सांगतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, आणि त्यावर जानेवारी २०१९ मध्ये आलेला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल. उत्पादकाच्या मूळ स्पेसिफिकेशनपासून दूर जाणारे बदल चालणार नाहीत असा त्याचा रोख. त्याच वर्षीच्या दुरुस्तीत कलम १८२अ आलं, त्यात मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही. ओरिजिनल बंपर विकू नका, जपून ठेवा. विमा कंपनीला लेखी कळवा, नाहीतर क्लेमच्या वेळी सर्व्हेअर पहिला प्रश्न तोच विचारेल. आणि बंपरच्या आतली लोखंडी बीम आणि तिच्यावरचा फोम काढायला कोणी सांगितलं तर त्या माणसाकडे पुन्हा जाऊ नका.

निळी_मस्टँग:

अपडेट. ओरिजिनल बंपर चढवून मोजला. उजवीकडे ३. डावीकडे खाली... ६!

मग व्हील आर्चचं अस्तर सोडवून टॉर्चने आत पाहिलं. बंपरचा कोपरा ज्या प्लास्टिकच्या ब्रॅकेटवर अडकतो, त्याचा एक कान तुटलेला आणि ब्रॅकेट काळ्या केबल टायने बांधलेलं. दोन वर्षं मी ही गाडी पुसतोय, पॉलिश करतोय, आणि ती केबल टायवर उभी आहे. विकताना "एकदाही लागलेली नाही" असं शपथेवर सांगितलं होतं.

पान्हा_नंबर_दहा:

बघा. पेंटरचं ऐकून उजवी बाजू घासली असती तर तुटलेल्या ब्रॅकेटला मापून चांगली बाजू बिघडवली असती. ब्रॅकेट मागवा. फोर्डने २०२१ मध्ये इथलं उत्पादन बंद करत असल्याचं जाहीर केलं, पण मस्टँग तशीही आयातच होती, पार्ट बाहेरून येतो, थोडा धीर धरा. नव्या ब्रॅकेटवर पुन्हा बसवा. ९ मधले ३ तिथेच जातील असं वाटतं. उरलेलं फायबरचं.

फायबरला हीटगनने वळवायला जाऊ नका, ते पीयू (पॉलियुरेथेन) किंवा प्लास्टिकच्या बंपरचं काम. फायबर तापवलं तर वळणार नाही, फुगेल नाहीतर तडकेल. कडेला आतून मॅट (फायबरचं कापड) आणि रेझिनचा एक थर देऊन ती वाढवायची, मग बाहेरून घासून फेंडरला जुळवायची. जिथे भर घालायची तिथे मॅट, लांबी फक्त टाचणीएवढ्या छिद्रांना. तीनचार मिमीची जाड लांबी पहिल्या खड्ड्यात उडते.

रंगाआधी बंपरला साच्यातून लागलेलं मेण नीट पुसून काढायला सांगा. ते राहिलं तर ना रंग धरतो ना टेप. ओरिजिनल बंपरच्या मागे रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना काळे पडदे असतात, ते नव्याला लावायला विसरू नका. नुसती जाळी मोठी दिसून उपयोग नाही. पडदे नसले तर हवा रेडिएटरला वळसा घालून निघून जाते.

लिप लावायचाच असेल तर प्लास्टिकचा घ्या, फायबरचा नको. आणि जाड बोल्टांनी आवळू नका. घासला तर लिप सुटून पडला पाहिजे, बंपर फाडून नाही. लहान स्क्रू आणि व्हीएचबी टेप (दोन्हीकडून चिकटणारी मजबूत टेप) बास. टेपला पूर्ण पकड यायला ७२ तास लागतात, तोवर गाडी धुऊ नका.

निळी_मस्टँग:

ब्रॅकेट ऑर्डर केलं. बंपर ठेवतोय, लिप ऑफिसातला एकजण घेतोय, त्याच्याकडे रो हाउस आहे. एक राहिलं: पुढची एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबर प्लेट स्नॅप लॉकने बसवलेली आहे. ती काढता येते का?

घाटवाट:

ते लॉक काढताना तुटतं, परत वापरता येत नाही. प्लेट वेगळ्या पट्टीवर असेल तर पट्टीसकट उचलून नव्यावर लावा. बंपरलाच असेल तर अधिकृत केंद्रातूनच पुन्हा बसवून घ्यावी लागेल.

अण्णा_मिरज:

एक सुचवतो, राग मानू नका. बॉनेट उघडून डाव्या फेंडरचे बोल्ट बघा. कारखान्यात ते बॉडीबरोबरच रंगलेले असतात. बोल्टच्या डोक्यावरचा रंग उडाला असेल तर फेंडर एकदा खाली उतरलेला आहे.

निळी_मस्टँग:

बघितले अण्णा. चारपैकी तीन.