सरड्याचा गळा चालतो, पुढचं चालत नाही?

अजिंक्यतारा_पायथा:
परवा शनिवारी मुलाच्या शाळेत (साताऱ्यातलीच, नाव नको) सातवी-आठवीला प्राण्यांच्या प्रणयावरचा माहितीपट दाखवला. पालकांनाही बोलावलं होतं, म्हणून मी मागच्या बाकावर. मोर पिसारा थरथरवत होता तोवर सगळे खूश. मग धनेशाची मादी ढोलीत बसून दार लिंपून घेते आणि नर फटीतून तिला फळं भरवतो, ते बघून शेजारच्या आजींनी डोळे टिपले. त्यानंतर सिंहाची जोडी आली. बाईंना रिमोट सापडेना, तर त्या सरळ प्रोजेक्टरपुढे उभ्या राहिल्या. सिंह त्यांच्या साडीवर दिसायला लागला! पोरं जी हसली, तशी नुसतं दृश्य बघून हसली नसती. सोमवारी दोन-तीन पालकांचं पत्र गेलं आणि आता वर्षभर माहितीपटच बंद.

माझं म्हणणं एवढंच की पिसारा दाखवून पुढचं कापलं तर पिसारा कशासाठी हे कळणार कसं? नर नाचतो तो अर्ज असतो, मंजूर करायचा की नाही ते मादी ठरवते. २०१७ मध्ये राजस्थान उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तींनी पत्रकारांना सांगितलं होतं की मोर ब्रह्मचारी असतो, लांडोर त्याचे अश्रू पिऊन गाभण राहते. त्यांच्याही शाळेत कुणीतरी प्रोजेक्टरपुढे उभं राहिलं असणार.

दोन_पोरींची_आई:
त्या पत्रावर माझी सही आहे. तुम्ही मागच्या बाकावरून हसू ऐकलंत, माझी मुलगी पुढच्या रांगेत होती. सोमवारपासून तिला बघून दोन मुलं डरकाळी फोडतात. ती आता डबा खायलाही वर्गाबाहेर येत नाही. तुमच्या न्यायमूर्तींचं तिनं काय करायचं?
माझा राग सिंहावर नाही. सत्तर-ऐंशी मुलं एका अंधाऱ्या हॉलमध्ये कोंबायची, आधी चार वाक्यं बोलायची नाहीत, लावणाऱ्यांनी स्वतः एकदाही बघितलेलं नाही. बाईंची फजिती सगळ्यांनी रंगवून सांगितली, त्यांना त्या जागी कुणी उभं केलं ते कुणी विचारलं नाही.

माणदेशी:
आवो, आमच्या टायमाला कुठला माहितीपट. गाय माजावर आली की आबा वळूकडं घेऊन जायचे आन् दोरी धरायला मीच. सहावीत हुतो. खिल्लार वळू बघितलाय का कवा जवळनं? हसायची टापच नव्हती, लाथ बसंल ह्येच भ्या.

निवृत्त_मास्तर:
प्राण्यांचं प्राण्यांपाशी. विज्ञानाच्या नावाखाली नको ते दाखवायची फॅशन आली आहे. दहावीच्या विज्ञान भाग २ मध्ये प्रजननाचा धडा आहे, तेवढा पुरे.

अजिंक्यतारा_पायथा:
मास्तर, तो धडा कितीजण वर्गात शिकवतात आणि कितीजण 'घरी वाचा' म्हणतात? आम्हाला तर घरीच वाचायला सांगितला होता.

निवृत्त_मास्तर:
मी शिकवला आहे. फळ्याकडे तोंड करून का होईना.

ओढ्याकाठी:
सांगलीहून लिहितोय. तो माहितीपट मीही पाहिलाय. माझा आक्षेप कापण्यावर नाही, निवेदनावर आहे. मोर म्हणजे 'नवरदेव', मादी 'लाजरी नवरी', धनेश 'आदर्श पती'. आजी रडल्या त्या धनेशासाठी नव्हे, निवेदकासाठी रडल्या. आता हाच न्याय सुगरणीला लावा. मुळात नाव सुगरण आणि खोपा विणतो नर. अर्धा विणून झाला की मादी येऊन तपासते, पसंत नसेल तर निघून जाते. पसंत पडला, ती अंडी घालायला आत बसली की हे महाशय शेजारी दुसरा खोपा विणायला घेतात, दुसरीसाठी. कुठे गेला आदर्श पती?

आपल्याकडे हे आधीच भरपूर झालंय. शिराळ्याच्या बाजूला दोन धामणी एकमेकींना पीळ घालून उभ्या दिसल्या की लोक 'जुळण लागली' म्हणून त्यांच्यावर कापड टाकायला धावतात. त्यातली एक नाग असते असंही सांगतात. बहुतेक वेळा ते दोन धामण नर असतात आणि त्यांची कुस्ती चाललेली असते. चावत नाहीत, फक्त एकमेकाला खाली दाबतात. मादी तिथे असेलच असंही नाही. प्रणय म्हणून पुजतो ती मारामारी!

आणि हे सगळं आफ्रिकेतूनच का आणायचं? कोयनेजवळ हुंबरळीला पावसाळ्यातल्या चाळीस रात्री जागून संशोधकांनी एका रातबेडकाचं मीलन टिपलं, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालं. नर मादीला मिठी मारतच नाही. तिच्या पाठीवर बसतो, हात मात्र पानावर टेकवतो, पाठीवरच शुक्राणू सोडतो आणि उतरतो. ती अंडी घालते त्यानंतर, शुक्राणू ओघळून अंड्यांवर येतात. बेडकांच्या मीलनाच्या सहा पद्धती माहीत होत्या, ही सातवी ठरली. त्यात मादीही हाक देते, जे बेडकांत फार थोड्या जातींत आढळतं. लाजरी नवरी म्हणे.

दोन_पोरींची_आई:
हे मात्र मी माझ्या मुलीला वाचून दाखवलं. तिनं विचारलं, मग तो पाठीवर बसतोच कशाला? मला उत्तर आलं नाही, पण ती लाजली नाही. म्हणून म्हणते, घरी बसून बोलणं वेगळं आणि ऐंशी जणांत वेगळं. मुलींना वेगळं बसवून दाखवा, माझी हरकत नाही.

अजिंक्यतारा_पायथा:
वेगळं बसवण्याला माझी आहे. तिला त्रास दिला तो मुलग्यांनी. तुम्ही मुलींना बाजूला काढलंत की त्यांना वाटणार ही गुपचूप बघायची गोष्ट. मी मुलाला विचारलं, डरकाळी फोडणाऱ्यांत तो नव्हता, पण हसण्यात होता. त्यावर घरी बोलणं झालंय.

दोन_पोरींची_आई:
बरं झालं बोललात. माझं मत तेच आहे.

माणदेशी:
ओढ्याकाठी, चाळकेवाडीचं राहिलं की तुमचं.

ओढ्याकाठी:
राहिलं खरं. साताऱ्याजवळ चाळकेवाडीच्या सड्यावर, म्हणजे खडकाळ पठारावर, रंगीत गळ्याचा सरडा आहे. विणीच्या दिवसांत नर दगडावर चढून निळा-काळा-केशरी गळा पंख्यासारखा उघडमीट करतो, मादीला दाखवायला आणि दुसऱ्या नराला बजावायला. २०१६ मध्ये त्याला नवी जात म्हणून नोंदवलं, शास्त्रीय नावातही आपला मराठी 'सरडा' आहे: सरडा सुपर्बा. २०१८ मध्ये त्याच सड्यावरचा अभ्यास आला. पवनचक्क्या आहेत तिथे शिकारी पक्षी फार कमी. पवनचक्क्या नसलेल्या भागात जवळजवळ चौपट. मग पवनचक्क्यांखाली सरडे वाढले, माणसाला भिईनासे झाले, पण त्यांच्या गळ्याचा रंग फिका पडला. दाटीत खायला पुरत नसावं, असा संशोधकांचा अंदाज. खाणं कमी पडलं की नटणं आधी सुटतं.

निवृत्त_मास्तर:
हे मात्र सातवीला सांगण्यासारखं आहे.

अजिंक्यतारा_पायथा:
मास्तर, हाही प्रणयच आहे.

निवृत्त_मास्तर:
गळ्यापर्यंत आहे. तेवढा चालतो.

माणदेशी:
आजकाल आमच्या पोरांस्नी वळूबी दिसत न्हाय. डॉक्टर नायट्रोजनची टाकी फटफटीला अडकवून येतो, गाईला वळूच्या बियाची कांडी भरतो, पावती देतो. धाकटा परवा इचारत हुता, वासराचा बाप कोन? म्या पावतीवरचा नंबर दाखवला.

दोन_पोरींची_आई:
सरडा एप्रिल-मेमध्ये बघता येईल, आता पावसात काय दिसायचं? बेडकासाठी हुंबरळीला रात्री जायचं तर वन खात्याला विचारावं लागेल का? आम्ही चौघं येऊ. ज्यांना डरकाळी येते त्यांनाही आणा.

ओढ्याकाठी:
विचारूनच जाऊ. टॉर्च मंद ठेवा, बोलायचं नाही. आणि जळवांसाठी मीठ-तंबाखूची पुरचुंडी प्रत्येकानं आपापली.